कापडाचे पंख, लेखांक ६ : जुहूवर उतरलेली पस मॉथ

मागच्या आठवड्यात आपण जिप्सी मॉथपर्यंत आलो होतो. आगाखानांनी लावलेलं ५०० पौंडांचं बक्षीस, आणि त्यासाठी १९३० साली इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्या दरम्यान एकट्याने उडालेले अस्पी इंजिनिअर, मनमोहन सिंग आणि जे. आर. डी. टाटा. त्या विमानाला दोन मजली पंख होते आणि वैमानिक उघड्यावर, वाऱ्यात बसायचा. आज त्याच डी हॅव्हिलँड कारखान्याच्या पुढच्या विमानाकडे वळू. नाव पस मॉथ. आपल्या देशातली टाटांची हवाई टपालसेवा या विमानावर सुरू झाली, म्हणून या मालेतला हा लेखांक मला सर्वांत जवळचा आहे.

१९३२ सालचे दोनच महिने पाहा. ऑगस्टच्या १८ तारखेला जिम मॉलिसन आयर्लंडहून एकटा निघाला आणि दुसऱ्या दिवशी कॅनडात उतरला. वाऱ्याच्या विरुद्ध, पूर्वेकडून पश्चिमेकडे एकट्याने अटलांटिक ओलांडणारा तो पहिला. विमान : जादा टाकी बसवलेली पस मॉथ. त्याच महिन्याच्या २८ तारखेला बर्लिनमध्ये हलक्या प्रवासी विमानांची ‘चॅलेंज’ ही मोठी युरोपीय स्पर्धा संपली आणि पोलंडचा फ्रान्सिशेक झ्वीर्को आरडब्ल्यूडी-६ या विमानावर पहिला आला. आणि १५ ऑक्टोबरला सकाळी कराचीहून निघालेली एक पस मॉथ दुपारी दोनच्या सुमारास जुहूच्या मैदानावर टेकली. तिच्यात टपालाच्या थैल्या होत्या आणि चालवत होते जे. आर. डी.

ही विमानं मुळात हौशी लोकांसाठी बनवलेली होती. शनिवार-रविवारी उडावं, जमल्यास शर्यतीत उतरवावं, रात्री पंख मागे दुमडून शेडमध्ये ठेवावं, असा त्यांचा हिशेब. अशा विमानावर टपालसेवा उभी राहिली ती कशी, हे समजायचं तर त्याची बांधणी नीट पाहावी लागेल.

पस मॉथ पहिल्यांदा उडाली सप्टेंबर १९२९ मध्ये. सुरुवातीचा नमुना लाकडी होता. विक्रीसाठी बांधलेल्या विमानांचं धड मात्र पोलादी नळ्या वेल्ड करून केलेलं होतं. आमच्या वडीगोद्रीत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडणाऱ्या कारागिराला तो सांगाडा दाखवला तर कुठली नळी कशाचा भार घेते हे तो बोट ठेवून सांगेल. सांगाड्यावर कापड ताणून चढवायचं आणि त्याला डोप नावाचं रोगण द्यायचं. ते वाळताना कापड आक्रसून घट्ट बसतं. पंख लाकडी, वरून तेच कापड. पंखांची टोकं जेमतेम ११ मीटरवर, आणि भरलेल्या विमानाचं वजन एका टनाच्या आतच.

इंजिन जिप्सी थ्री, १२० अश्वशक्तीचं, आणि ते उलटं बसवलेलं. म्हणजे सिलिंडर खाली लोंबते आणि पंख्याचा दांडा वर. त्यामुळे नाकाचा वरचा भाग खाली आला आणि वैमानिकाला समोरचं स्वच्छ दिसू लागलं. शिवाय आता तो काचेच्या बंद केबिनमध्ये होता. गॉगल, चामडी टोपी, कानात घोंगावणारा वारा, हे सगळं गेलं. वेग ताशी दोनशे किलोमीटरपर्यंत. वडीगोद्रीहून जुहू सरळ रेषेत सुमारे तीनशे किलोमीटर; आरामात उडत गेलं तरी पावणेदोन तासांचं काम.

अंग इतकं गुळगुळीत झाल्याने एक नवी अडचण आली. उतरताना विमान जमिनीलगत तरंगतच राही, टेकेना. त्यावर काढलेली तोड मला फार आवडते. चाकांच्या पायांवर वारा कापायला निमुळतं आवरण होतं. वैमानिकाने दांडा ओढला की ते आवरण ९० अंशांत फिरून वाऱ्याला आडवं होई. उडताना जो भाग विरोध कमी करायचा, तोच उतरताना ब्रेक व्हायचा. वेगळा सुटा भाग नाही, वजनात भर नाही.

सगळ्यात अवघड मामला पंखांचा होता. जुन्या दोन मजली विमानात वरचा आणि खालचा पंख दांड्या-तारांनी एकमेकांना बांधलेले असत. ती चौकट ताणलेल्या बाजेसारखी, कुठून पिळली तरी दोर तिला जागेवर धरतात. पस मॉथला पंखाचा एकच मजला, केबिनच्या वर, आणि दोन्ही बाजूंना धडाच्या खालच्या अंगापासून पंखाकडे गेलेले तिरपे टेकू. एरवी हवा पंखाला वर उचलते, तेव्हा टेकूवर ताण येतो. ताण बारीक नळीलाही सोसतो. पण वादळी हवेत वरून झपाटा बसला की तोच टेकू दाबला जातो, आणि लांब, बारीक नळी दाबाखाली मधोमध वाकते. १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत काही पस मॉथ हवेतच मोडल्या. मे १९३१ मध्ये ग्लेन किड्स्टन हा नामांकित वैमानिक दक्षिण आफ्रिकेच्या ड्राकेन्सबर्ग डोंगरांत असाच गेला. चौकशीअंती खोट पुढच्या टेकूत सापडली. त्याला आणखी एक आखूड आधार जोडला आणि प्रश्न सुटला. हातभर नळीसाठी किती माणसं गेली, हे वाचताना जीव कळवळतो.

आता पोलंडकडे जाऊ. आरडब्ल्यूडी हे नाव रोगाल्स्की, विगुरा आणि द्झेविएत्स्की या तिघांच्या आद्याक्षरांवरून आलेलं. तिघेही वॉर्साच्या तंत्रविद्यापीठाचे, आणि विमानं बांधायला त्यांनी विद्यार्थीदशेतच सुरुवात केली. त्यांची आरडब्ल्यूडी-६ पस मॉथसारखीच : वर एक पंख, पोलादी नळ्यांचं धड, बंद केबिन. फक्त दोघं शेजारी-शेजारी बसत. चॅलेंज स्पर्धेत वेगाबरोबर संथ उडणं, थोड्या जागेत उठणं-उतरणं, पंख दुमडणं, इंधनाचा खप, अशा सगळ्याला गुण होते; मग युरोपभर सात हजारांहून अधिक किलोमीटरांची फेरी. त्यासाठी या पोरांनी पंखाच्या पुढच्या कडेला फट सोडणारी पट्टी बसवली. विमान संथ झालं आणि नाक वर उचललं की पंखावरची हवा सुटू लागते आणि विमान कोसळतं. फटीतून खालची हवा जोराने वर आली की ती पंखाला धरून राहते. पस मॉथकडे ही सोय नव्हती. रचनेत पोलिश विमान सरस होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण आरडब्ल्यूडी-६ बांधली गेली तीन, आणि पस मॉथ पावणेतीनशेच्या वर.

स्पर्धा जिंकून दोनच आठवडे झाले होते. ११ सप्टेंबर १९३२ ला झ्वीर्को आणि विगुरा त्याच विमानाने प्रागला निघाले. वाटेत वादळाने गाठलं, पंख तुटला, दोघेही गेले. पोलंड आजही त्या विजयाचा दिवस, २८ ऑगस्ट, विमानदिन म्हणून पाळतो. उरलेल्या सहकाऱ्यांनी काम थांबवलं नाही. मे १९३३ मध्ये स्तानिस्वाव स्कार्झिन्स्की आरडब्ल्यूडी-५ च्या एकआसनी रूपात सेनेगलहून ब्राझीलला पोचला. त्या विमानाचं रिकामं वजन ४५० किलोंच्याही आत होतं. इतकं लहान विमान तोवर अटलांटिकपार गेलं नव्हतं.

आणि जुहू? कराचीपर्यंत लंडनचं टपाल इम्पीरियल एअरवेज आणत असे. तिथून पुढची सोय करण्याची कल्पना नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाची. जे. आर. डीं.नी अहमदाबादला थांबून इंधन भरलं. पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. जुहूपासून पुढे बळ्ळारीमार्गे मद्रासपर्यंत टपाल व्हिन्सेंटने नेलं. जुहूचं मैदान समुद्रालगतच्या चिखलाचं, पावसाळ्यात निकामी. मग तेवढे महिने मुक्काम पुण्याला, येरवड्याच्या मैदानात. अशा ठिकाणी थोड्या धावेत उठणारं, दोन माणसांनी ढकलता येणारं, साध्या हत्यारांनी दुरुस्त होणारं विमानच टिकणार होतं. हौसेसाठी केलेली प्रत्येक काटकसर टपालाच्या कामी आली.

पुढे डी हॅव्हिलँडने लेपर्ड मॉथ काढली : पोलादी नळ्यांऐवजी प्लायवूडचं हलकं धड, इंजिन १३० अश्वशक्तीचं, पुढे वैमानिक आणि मागे दोन प्रवासी. पन्नास वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९८२ ला, वयाच्या ७८ व्या वर्षी जे. आर. डी. कराचीहून जुहूला पुन्हा एकटे उडत आले ते लेपर्ड मॉथमधूनच. पुढच्या आठवड्यात कोल्हापूर जिल्ह्यातले डॉ. विष्णू माधव घाटगे आणि त्यांनी बंगळूरला बांधलेलं ‘पुष्पक’. धड पोलादी नळ्यांचं, पंख पुन्हा कापडाचेच.