आमचा कुत्रा चावत नाही हो! मग बीचवर दोरी कशाला?

सॅन फ्रान्सिस्कोच्या ओशन बीचच्या एका भागात १ जुलै ते १५ मे या काळात कुत्र्याला दोरी लावूनच फिरवावं लागतं. का? तर चिमणीएवढ्या एका पक्ष्यासाठी! नाव वेस्टर्न स्नोई प्लोव्हर, आपल्या चिखल्याचा भाऊबंद. १९९३ पासून अमेरिकेत तो धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आहे.

या बीचवर तो अंडी घालत नाही. तो येतो खायला आणि आराम करायला. रंग वाळूसारखाच, त्यात बसतो माणसांच्या पावलांच्या खळग्यात. आपल्याला दिसतच नाही!

कुत्रा चावायची गरजच नसते. तो नुसता धावत आला तरी पक्षी उडतो. असं दिवसभर चाललं, तर विणीसाठी साठवायची ताकद उडण्यातच संपते. मे-जूनमध्ये पक्षी विणीला दुसरीकडे गेलेले असतात, म्हणून तेवढी सूट.

आपल्याकडे कोकणात, वेळासला हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. कुत्री-कोल्हे ती उकरतात, म्हणून अंडी कुंपणाच्या आत हलवावी लागतात. तेव्हा हिवाळ्यात कोकणात आपल्या मोतीला नेताय? दोरी सोबत ठेवा. भेटू पुढच्या भागात!