आपोआप उघडणारे दार आणि त्याचे सेकंद

मंडळी, काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयातील आपोआप उघडणाऱ्या दाराचा फटका बसून तेथील एका मावशींचे कोपर दुखावले. त्या रुग्णाची गाडी ढकलत आत चालल्या होत्या. व्यवस्थापनाने मावशींनाच निष्काळजीपणाचा मेमो दिला. आम्ही युनियनचे लोक घड्याळ घेऊन दारापाशी उभे राहिलो. पुरते उघडल्यावर ते दार दोन सेकंदही थांबत नव्हते. थंड हवा बाहेर जाऊ नये, म्हणून कोणीतरी यंत्राचा काटा फिरवून ठेवला होता. आमचे शिक्षण गिरणीच्या फाटकावर झालेले. पण त्या दिवसापासून आम्ही या यंत्राची विद्या विचारून विचारून शिकलो. तीच आज आपणासमोर ठेवतो.

बिजागरीवर झुलणाऱ्या दाराच्या चौकटीवर एक लांबट पेटी बसवलेली असते. तिच्यात मोटार, दंतचक्रे व नियंत्रक असतो; अनेक यंत्रांत दार परत ओढणारी स्प्रिंगही असते. पेटीतून निघालेला लोखंडी हात दाराला जोडलेला असतो. बटण दाबले की मोटार दार उघडते, आणि ठरलेला वेळ संपला की ते मिटू लागते.

बसवताना पहिली गोष्ट म्हणजे मोटार न जोडता दार हाताने झुलवून पाहणे. ते फरशीला घासत असेल किंवा बिजागरी ढिली असेल, तर आधी ती दुरुस्ती करावी. दाराचे दुखणे मोटारीने बरे होत नाही. पेटीचे स्क्रू भक्कम आधारात जावेत. दार भिंतीवर आपटू नये म्हणून जमिनीवर अडणी हवी. हाताची जोडणी करताना वीज बंदच ठेवावी. नंतर वीज देऊन दार एकदा पूर्ण उघडू-मिटू द्यावे. पुष्कळ नियंत्रक त्याच फेरीत दाराच्या दोन्ही सीमा ओळखून घेतात.

आता मुख्य काम वेग लावण्याचे. सावकाश चालणाऱ्या अशा दारांसाठी अमेरिकन मानकाने घातलेली मर्यादा ध्यानात ठेवण्याजोगी आहे. उघडण्याची मुख्य चाल 3 सेकंदांहून कमी वेळात होऊ नये. पूर्ण उघडल्यावर दार किमान 5 सेकंद थांबावे. आणि मिटणारे दार अडवायला 67 न्यूटनपेक्षा, म्हणजे सुमारे पावणेसात किलो वजनाच्या भारापेक्षा, जास्त जोर लागू नये. दार जड वा रुंद असेल तर वेळ आणखी वाढवावा. कारण वेग दुप्पट केला की धडकेतील ऊर्जा चौपट होते. घाईचा हिशेब असा असतो.

मिटण्याच्या अखेरच्या काही अंशांत दाराने खिटी पकडायची असते. वाऱ्याच्या दाबामुळे ती लागत नसेल, तर तेवढीच शेवटची चाल थोडी वाढवावी. सगळ्या चालीचा वेग वाढवू नये. वीज गेली तर दार हाताने उघडते की नाही, हेही तपासावे. वेग जमल्यावर ताणकाटा कडेला लावून जोर मोजावा, आणि शेवटी काठी टेकत चालणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला दारातून जायला सांगावे. त्यांना पाऊल उचलायची घाई करावी लागली, तर आपले काम अपुरे आहे असे समजावे.

त्या रुग्णालयात आम्ही मिस्त्रीला बोलावून थांबण्याचा वेळ वाढवून घेतला. मावशींचा मेमोही मागे घेतला गेला. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्याने सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता येतील अशा असाव्यात, हे तत्त्व मान्य केले आहे. ते तत्त्व खरे किती उतरले, हे शेवटी दाराच्या सेकंदांवरून कळते.

तेव्हा मंडळी, दार आपोआप चालते असे कोणी म्हटले, तर त्याचा वेग कोणी ठरवला आणि कोणासाठी ठरवला, एवढे मात्र अवश्य विचारावे.