नऊ रात्री, तीन मुक्काम

दिवाळीच्या पाडव्यापासून लाभपंचमीपर्यंत गुजरातेतल्या आमच्या बारडोलीच्या बाजारात बहुतेक शटर खाली असतात. पंचमीला मुहूर्ताचे सौदे होतात, त्यानंतर हळूहळू व्यवहार सुरू होतात. ज्याचं दुकान वर्षभर रविवारीही अर्धा दिवस उघडं असतं, त्याला सलग सुट्टी मिळते ती एवढीच. धनत्रयोदशीची गर्दी सोडवत नाही आणि मुहूर्ताला भावाला बसवायचं म्हटलं तरी त्यानंतर आठवड्याच्या आत परतावंच लागतं. ओढूनताणून नऊ रात्री हाती लागतात. या नऊ रात्रींत पॅरिस, स्वित्झर्लंड, व्हेनिस, रोम आणि जमलंच तर ॲमस्टरडॅम, अशी यादी घेऊन माणूस एजंटसमोर बसतो.

अडचण यादीत नाही, महिन्यात आहे. बारडोलीत कुणाला कधी वेळ मिळतो ते आधी बघावं. व्यापाऱ्याला दिवाळी. शिक्षकांना दिवाळीचे तीन आठवडे आणि मे महिना. साखर कारखान्यातल्या माणसाला दिवाळीत हलताच येत नाही, कारण गाळप तेव्हाच सुरू होतं. त्याची खरी सुट्टी पावसाळ्यात. तिघांनी एकाच जाहिरातीतली सहल घेतली, तर निदान दोघांचं नुकसान ठरलेलं.

युरोपचंच बघा. मेच्या मध्यावर पॅरिसमध्ये दिवस पंधरा तासांहून मोठा असतो, रात्री साडेनऊपर्यंत उजेड. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तोच दिवस दहा तासांवर येतो आणि साडेपाचच्या आत अंधार पडतो. तिकीट तेवढंच, हॉटेल तेवढंच, दिवस मात्र दोन-तृतीयांश. शिवाय आल्प्समधले बरेच रोपवे नोव्हेंबरात देखभालीसाठी काही दिवस बंद असतात. टिटलिसचाही त्यात येतो. उन्हाळी गर्दी संपलेली आणि स्कीइंगचा हंगाम सुरू व्हायचा, या मधल्या फटीत ते आपली कामं उरकून घेतात आणि आपली दिवाळी नेमकी त्याच फटीत येते. उलट, गुजरातच्या शाळांची उन्हाळी सुट्टी मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात लागते आणि हॉलंडची क्युकेनहॉफची ट्युलिपबाग साधारण त्याच सुमारास वर्षभरासाठी बंद होते. ट्युलिपचे फोटो बघून मेअखेरचं बुकिंग करणाऱ्यांना हे कुणीतरी आधी सांगायला हवं. साखर कारखान्यातल्या मंडळींना जुलै-ऑगस्टमध्ये निघता आलं तर त्यांनी बालीचा विचार करावा. आपल्याकडे मुसळधार पाऊस कोसळत असतो, तेव्हा तिथे कोरडा हंगाम असतो.

महिना ठरला की दिवस मोजायला बसायचं. इथे सगळे चुकतात, कारण सगळे दिवस मोजतात. मोजायच्या असतात रात्री.

बारडोलीहून मुंबई विमानतळ सुमारे पावणेतीनशे किलोमीटर. कागदावर पाच तास; पण मनोर ओलांडल्यावर वर्सोवा पुलाच्या अलीकडे रांग लागली की सात. म्हणून कित्येक जण सुरतेहून रेल्वेने बोरिवली गाठतात आणि तिथून टॅक्सी करतात. परदेशी विमानं बहुतेक मध्यरात्रीनंतरची. तिकिटावर ‘२ तारीख, रात्री १:३०’ असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ १ तारखेला दुपारी घर सोडायचं. २ तारखेला संध्याकाळी बॅगा काढणाऱ्यांच्या कथा प्रत्येक ट्रॅव्हल एजंटकडे असतात. ही पहिली रात्र विमानात गेली. परतीचीही तशीच जाते. नवांतल्या उरल्या सात.

सात रात्रींत पाच गावं बसतात का? नकाशावर बसतात. पॅरिस ते ल्युसर्न घ्या. गार द लिऑं स्टेशनवरून टीजीव्ही बाझेलला साधारण तीन तासांत जाते, तिथून ल्युसर्न आणखी एक तास. चार तासांचा प्रवास, म्हणजे अर्धा दिवस आपला, असं वाटतं. प्रत्यक्षात सकाळी सातला बॅगा भरायच्या, कारण रात्री थकून सगळे झोपलेले असतात. नाश्ता, हॉटेलचा हिशेब, मग मेट्रो. पॅरिसच्या मेट्रोत बऱ्याच स्टेशनांवर लिफ्टच नाही; चार माणसांच्या चार मोठ्या बॅगा आणि आईचा गुडघा यांच्यासह जिने उतरायचे, बदलीच्या स्टेशनवर पुन्हा चढायचे. मोठ्या स्टेशनवर फलाट क्रमांक गाडीच्या वीसेक मिनिटं आधी लागतो, तोवर सगळे मान वर करून फलकाकडे बघत उभे. बाझेलला गाडी बदलायची. ल्युसर्नला हॉटेलची खोली साधारण तीनला मिळते. हातपाय धुऊन, चहा मागवून बाहेर पडायला चार वाजतात. नोव्हेंबर असेल तर चॅपल ब्रिजवर पोचेपर्यंत दिवे लागलेले असतात. दिवस संपला. बघून काय झालं? फ्रान्सची शेतं, खिडकीतून.

हा जागा बदलण्याचा दिवस. प्रत्येक बदलीला असा एक दिवस जातो. रेल्वे वेगवान असली तरी तीन-चार तास वाचत नाहीत, कारण वेळ गाडीत जात नाही, गाडीच्या आधी आणि नंतर जातो. विमानाने तर आणखी वाईट: एक तासाच्या उड्डाणासाठी विमानतळावर जाणं, दोन तास आधी पोचणं, उतरल्यावर बॅगेची वाट आणि पुन्हा गावात येणं. पाच मुक्काम म्हणजे मधल्या चार बदल्या. सात रात्रींमध्ये मिळतात सहा पूर्ण दिवस. त्यातले चार असे गेले तर बघायला उरतात दोन.

म्हणून माझा हिशेब साधा आहे. एवढ्या सुट्टीत जास्तीत जास्त तीन मुक्काम, आणि वडीलधारे सोबत असतील तर दोनच. पण मुक्काम कमी म्हणजे जागा कमी, असं नाही. ल्युसर्नला चार रात्री राहिलात तर एंगेलबर्ग, रिगी, इंटरलाकेन, बर्न, झुरिक हे सगळं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्यासारखं आहे, तेही फक्त पाठीवरची पिशवी घेऊन. बॅगा खोलीतच राहतात. फ्लॉरेन्सला तळ ठोकला तर पिसा तासाभरावर, सिएना दीड तासावर. एका रात्रीसाठी व्हेनिसला बॅगा नेऊन त्या पुलांच्या पायऱ्यांवरून ओढणं ही शिक्षा आहे. तिथे राहायचं तर निदान दोन रात्री.

हे सांगितलं की उत्तर ठरलेलं: ‘परत कधी जाणार? एवढे पैसे घातलेत तर सगळंच बघून घेऊ.’ हा मुद्दा खोटा नाही. आयुष्यात एकदाच जाणाऱ्याला आयफेल टॉवर आणि कोलोसियम दोन्ही हवेत, यात चूक काय? अशांसाठी ग्रुप टूर हाच शहाणा मार्ग, कारण तिथे बॅगा बसच्या पोटात असतात आणि जिने चढावे लागत नाहीत. १९८४ साली सुरू झालेल्या केसरीपासून २०१३ च्या वीणा वर्ल्डपर्यंत मराठी कंपन्यांनी हे काम चांगलं बसवलंय. फक्त माहितीपत्रक वाचताना देशांची संख्या झाकून ठेवावी आणि शब्द नीट वाचावेत. ‘प्रवेशासह’, ‘ओरिएंटेशन टूर’ आणि ‘फोटो स्टॉप’ हे तीन वेगळे प्रकार आहेत. पहिल्यात आत जाता येतं, दुसऱ्यात बसमधून दाखवतात, तिसऱ्यात दहा-पंधरा मिनिटं उतरवतात. ‘१० दिवस ९ रात्री’मधला पहिला दिवस विमानतळावर जमण्याचा असतो, हेही बघून घ्यावं.

स्वतः आखणाऱ्यांसाठी सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे एका शहरात उतरून दुसऱ्यातून परतणं. पॅरिसला उतरा, झुरिकहून निघा. तिकीट काढताना ‘मल्टी-सिटी’ निवडायचं, सगळं एकाच पीएनआरवर. यामुळे उलटा प्रवास टळतो, म्हणजे एक अख्खा बदलीचा दिवस वाचतो. दोन वेगवेगळी स्वस्त तिकिटं जोडली की पहिलं विमान उशिरा आल्यास दुसरं बुडतं आणि कुणी भरपाई देत नाही. स्वस्त विमानांचं आणखी एक: गाव तेच पण विमानतळ वेगळं. पॅरिसचं म्हणून विकलं जाणारं बोव्हे विमानतळ शहरापासून ऐंशीएक किलोमीटरवर आहे. बँकॉकला सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग अशी दोन विमानतळं आहेत. एकावर उतरून दुसऱ्यावरून पुढचं विमान पकडायचं असेल तर बँकॉकची वाहतूक मध्ये आहे, हे विसरू नये.

व्हिसा हा आखणीचा शेवट समजला जातो. खरं तर तिथूनच सुरुवात व्हावी. शेंगेन गटात आता २९ देश आहेत आणि एक व्हिसा सगळ्यांना चालतो, पण अर्ज कुठल्या देशाकडे करायचा हे आपल्या आवडीवर नाही. जिथे जास्त रात्री, त्या देशाकडे. रात्री सारख्याच असतील तर जिथे आधी पाऊल ठेवणार तिथे. म्हणजे दूतावासही रात्रीच मोजतो. अपॉइंटमेंट सहज मिळते म्हणून दुसऱ्याच देशाकडे अर्ज आणि हॉटेलं तिसऱ्याच देशात, असं करणाऱ्यांचे अर्ज नाकारले जातात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पंधरा दिवस आधी शेवटची मुदत. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, क्वचित पंचेचाळीसही. जून २०२४ पासून प्रौढांसाठी फी ९० युरो, आणि प्रवास विमा किमान ३० हजार युरोचा. दिवाळीत जायचं तर जुलै-ऑगस्टमध्ये अपॉइंटमेंट घ्यावी. नवरात्र बसल्यावर जागा होणाऱ्याला उरलेल्या तारखा बघून सहल आखावी लागते.

बारडोलीत यात एक खास गुंता असतो, तो नातेवाइकांचा. इथल्या घराघरांतली माणसं लेस्टर, लंडन, न्यू जर्सी, ऑकलंडला पसरलेली आहेत. आमच्यासारख्या मराठी घरांचेही आता कुणी ना कुणी तिकडे आहेतच. शिवाय शेजारच्या पटेलांच्या काकांनी ‘आलात तर आमच्याकडेच उतरा’ असं सांगितलेलं असतं. लंडन युरोपाला लागूनच आहे, पॅरिसहून युरोस्टारने सव्वादोन तास, म्हणून चार दिवस लंडन जोडलं जातं. पण ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. दुसरा व्हिसा, दुसरी फी, आणि मुख्य म्हणजे पासपोर्ट तोच. ब्रिटनच्या अर्जासाठी तो साधारण तीन आठवडे अडकतो, मग शेंगेनचा अर्ज. दोन्ही मिळून तीन महिने हाताशी असावेत. आणि काकांकडच्या चार रात्रींत लंडन किती बघून होईल? पहिल्या दिवशी जेवण, दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीकडे जेवण, तिसऱ्या दिवशी मंदिर. ही तक्रार नाही; त्यासाठीच जायचं असेल तर जावं. पण मग त्याला सहल न म्हणता भेट म्हणावं आणि युरोप वेगळ्या वर्षी करावा.

दिवाळीच्या नऊ रात्रींना पूर्वेकडचे देश जास्त मानवतात, असं माझं मत. थायलंड आणि व्हिएतनाम आपल्यापेक्षा दीड तास पुढे, त्यामुळे झोपेचा गोंधळ नाही. डिसेंबर २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसने सुरत–बँकॉक विमान सुरू केलं. त्याच्या तारखा जुळल्या तर मुंबईचा अख्खा दिवस वाचतो, कारण बारडोलीहून सुरत विमानतळ तासा-सव्वातासावर आहे. पण पाऊस इथेही बघावा लागतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मध्य व्हिएतनाममध्ये दा नांग आणि होई आनला पुराचे दिवस असतात, तर त्याच वेळी उत्तरेला हनोईची हवा सुंदर असते. थायलंडमध्ये फुकेतकडचा पाऊस नोव्हेंबरात ओसरतो, पण पलीकडच्या कोह सामुईला तेव्हाच जोर असतो. म्हणून तीन रात्री बँकॉक, चार रात्री हनोई, आणि हनोईत राहूनच निन्ह बिन्ह व हा लाँगची एकेक दिवसाची फेरी. व्हिएतनामचा ई-व्हिसा काढताना एक लक्षात ठेवायचं: मध्येच शेजारच्या देशात जाऊन पुन्हा व्हिएतनामला यायचं असेल तर ‘मल्टिपल एंट्री’च घ्यावी. हे नियम दर काही महिन्यांनी बदलतात, तेव्हा तिकिटाच्या दिवशी सरकारी संकेतस्थळ बघावं, मागच्या वर्षी जाऊन आलेल्या मित्राला विचारू नये.

जपान थोडा महाग, पण बॅगांचा प्रश्न त्यांनी सोडवलाय. ‘ताक्युबिन’ सेवेत टोकियोच्या हॉटेलात बॅग दिली की ती साधारण दुसऱ्या दिवशी क्योटोच्या हॉटेलात पोचते. आपण रात्रीपुरते कपडे घेऊन बुलेट ट्रेनने सव्वादोन तासांत जायचं. मात्र सात दिवसांचा जेआर रेल्वे पास डोळे झाकून घेऊ नये. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो २९,६५० येनवरून ५०,००० वर गेला. टोकियो–क्योटो एकमार्गी तिकीट १४ हजारांच्या आसपास. दोनच मुक्काम असतील तर सुटी तिकिटं स्वस्त पडतात.

जागांची तिकिटं आधी काढावीत हे आता सगळ्यांना माहीत असतं. सुट्टीचे वार मात्र कुणी बघत नाही. लूव्र मंगळवारी बंद, फ्लॉरेन्सची उफित्सी सोमवारी, व्हॅटिकन संग्रहालय महिन्याचा शेवटचा रविवार सोडून बाकी रविवारी. तीन रात्रींच्या मुक्कामात नेमका तोच वार आला तर मुक्कामांचा क्रम उलटा करावा. हे विमानाचं तिकीट काढायच्या आधी करायचं काम आहे.

राहिलं खाण्याचं. थेपले, भाकरवडी, चिवडा खुशाल न्या. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, तेव्हा पेढे आणि तुपातली मिठाई घरीच ठेवा. ऑकलंडच्या भाच्यासाठी बारडोलीचा पात्रा नेणार असाल तर आगमनाच्या घोषणापत्रात खाद्यपदार्थांसमोर ‘होय’ लिहा. अधिकारी उघडून बघतो आणि चालत असेल तर परत देतो. न सांगता सापडला तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड.