भाडेवाढ चार टक्के की दहा टक्के? सातपूरच्या खोलीचं गणित

सातपूर एमआयडीसीत नोकरीला लागलेला मुलगा अशोकनगर किंवा श्रमिकनगरमध्ये खोली बघतो, तेव्हा मालक पहिल्याच दिवशी सांगून टाकतो, "अकरा महिन्यांचा करार, पुढे दहा टक्के वाढ." हे दहा टक्के आले कुठून? कायद्यात तर चार टक्के लिहिलेत. मग मालक कायदा मोडतोय का? बहुतेक वेळा नाही. का ते बघू.

चार टक्के कुणासाठी?

१९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली होती. भाडं गोठलं, दुरुस्तीचा खर्च वाढत गेला. जुन्या नाशकातल्या वाड्यांची अवस्था बघितली की परिणाम कळतो. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे गोठवणं अवाजवी ठरवलं. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ११ नुसार मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ करता येते. म्हणजे ४,००० च्या खोलीला १६० रुपये.

पण हे कलम 'भाडेकरू'साठी आहे. आज आपण सही करतो तो कागद असतो 'लीव्ह अँड लायसन्स'चा. त्यात आपण भाडेकरू नसून परवानाधारक असतो. रक्कम आणि वाढ दोन्ही करारात ठरतात, चार टक्क्यांची मर्यादा तिथे लागत नाही. मुदत संपूनही खोली सोडली नाही, तर कलम २४ नुसार दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. ४,००० चे थेट ८,०००.

थोडक्यात, मर्यादा आहे, पण मालक तिच्या शेजारच्या दरवाजाने जातो. आणि तो दरवाजा कायद्यानेच ठेवलाय.

असं फक्त इथेच होतं का?

नाही. सॅन फ्रान्सिस्कोत १९९४ मध्ये १९८० पूर्वीच्या लहान इमारतींनाही भाडे नियंत्रण लागू झालं. डायमंड, मॅक्वेड आणि चियान या अर्थशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. नियमात आलेल्या आणि थोडक्यात सुटलेल्या इमारतींची त्यांनी तुलना केली. राहत्या लोकांना फायदा झाला, त्यांचं घर सोडण्याचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी घटलं. पण मालकांनी घरं विकली, नव्याने बांधली, आणि त्या इमारतींतली भाड्याची घरं १५ टक्क्यांनी कमी झाली. शहरातलं भाडं उलट वाढलं. तिथे मालकांनी घराचा प्रकार बदलला, आपल्याकडे कागदाचा प्रकार बदलला.

खरा फरक कागदाचा

कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची. अकरा महिन्यांचा असला तरी सुटका नाही, नुसती नोटरी पुरत नाही. नोंदणी केली नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाद झालाच, तर उलट सिद्ध होईपर्यंत राहणाऱ्याने सांगितलेल्या अटी ग्राह्य धरल्या जातात.

खर्च फार नाही. ४,००० भाडं आणि १०,००० अनामत असेल तर अकरा महिन्यांसाठी ०.२५ टक्के दराने मुद्रांक शुल्क सव्वाशेच्या आत बसतं. शहरात नोंदणी फी १,००० रुपये. नोंदणी ऑनलाइन होते.

मग खोली घेताना काय बघायचं?

- वाढ किती आणि कधीपासून, हे आकड्यात लिहून घ्या. "चालू दराप्रमाणे" असं असेल तर सही करू नका.
- शक्य असेल तर २४ किंवा ३६ महिन्यांचा करार मागा. दर अकरा महिन्यांनी नव्याने घासाघीस टळते.
- वीज, पाणी, मेंटेनन्स भाड्यात आहे की वेगळं, ते स्पष्ट करा. भाडं तेच ठेवून विजेचा युनिट दर वाढवणं ही पण भाडेवाढच.
- भाडं यूपीआयने द्या किंवा पावती घ्या. पावती देणं मालकाला बंधनकारक आहे.
- वाढ मान्य नाही म्हणून पाणी किंवा वीज तोडता येत नाही. कायद्याने तो गुन्हा आहे.

आणि २०२१ चा आदर्श भाडेकरू कायदा? तो केंद्राचा नमुना आहे. राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही. त्यात वाढीला टक्क्यांची मर्यादाच नाही. करारात लिहिलं असेल तसं, नाहीतर तीन महिने आधी लेखी नोटीस.

म्हणजे दोन्हीकडे शेवटी करारच बोलतो. सही करण्याआधी तो पूर्ण वाचा, एवढीच विनंती.