ओडिन आला, पण गाणी कुठे आहेत?

ज्ञानासाठी स्वतःचा एक डोळा देणारा, नऊ रात्री झाडाला लटकून राहणारा आणि आठ पायांच्या घोड्यावरून फिरणारा देव म्हणजे ओडिन. उत्तर युरोपातल्या नॉर्स पुराणकथांमधला हा सर्वांत मोठा देव. आपल्या मुलांना तो मार्व्हलच्या सिनेमांमुळे थॉरचे वडील म्हणून माहीत असतो. हेवी मेटलला याहून चांगला विषय कुठे मिळणार? म्हणूनच मॅनोवॉर या अमेरिकन बँडचा २००७ मधला 'गॉड्स ऑफ वॉर' हा अल्बम ऐकताना जास्त वाईट वाटतं.

मॅनोवॉर १९८० पासूनचा बँड. तलवारी, योद्धे, कानठळ्या बसवणारा आवाज ही त्यांची ओळख. एरिक अ‍ॅडम्सचा गळा आजही थक्क करतो. पण इथे आधी लांबलचक वाद्यवृंद, मग निवेदन आणि खरं गाणं थेट तिसऱ्या क्रमांकावर! पुढेही तेच. गाणं रंगात येतं न येतं, तोच भारदस्त आवाजात कुणीतरी बोलू लागतं.

निवेदन असणं हा दोष नाही. इथे चेन्नईत मार्गळी महिन्यात सभांमधून हरिकथा होतात. त्यांचं नातं थेट आपल्या कीर्तनाशी आहे. मराठी कीर्तन तंजावरच्या मराठ्यांच्या राज्यात रुजलं आणि एकोणिसाव्या शतकात तंजावर कृष्ण भागवतरांनी त्यातून तमिळ हरिकथेला रूप दिलं. साकी, दिंडी, ओवी तिथे अजून गायल्या जातात (आणि त्या तमिळ सभेत ऐकताना भलताच आनंद होतो). कथेकरी नेमक्या क्षणी बोलणं थांबवतो आणि तो प्रसंग गाण्यातून उभा राहतो. मॅनोवॉरचं निवेदन मात्र गाण्याची वाट अडवून बसतं.

युद्धदेवतांवर अल्बमची मालिकाच करायचं या बँडच्या मनात होतं. ओडिनपाशीच गाडी थांबली. २०१२ चा 'द लॉर्ड ऑफ स्टील' वेगळ्याच वाटेने गेला.

मुंबईच्या डिमॉनिक रिझरेक्शनने २०१७ मध्ये 'दशावतार' केला, तेव्हा हिशेब सरळ ठेवला : एक अवतार, एक गाणं. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा. गायकी घशातून गुरगुरणारी आहे, आजी-आजोबा दचकतील. पण कथा गाण्यातच आहे.

मॅनोवॉर ऐकायचाच असेल तर 'स्लाईपनिर' आणि 'सन्स ऑफ ओडिन' ही दोन गाणी निवडा. शक्यतो हेडफोन लावून.