भांगेचं बी आणि आपला जवस

भांगेचं बी खायचं म्हटलं, की आमच्या पाचोडला बाया तोंडाला पदर लावून हसतात. पण या बियांनी नशा चढत नाही. आपल्या देशात २०२१ पासून त्यांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यताही आहे. सोललेल्या १०० ग्रॅम बियांत सुमारे ३० ग्रॅम प्रथिनं, शिवाय ओमेगा-३. मात्र मैत्रिणींनो, पाकीट परवडलं नाही तर हळहळू नका. ओमेगा-३ आपल्या जवसात त्याच्या दुप्पट आहे! प्रथिनं कमी, ती डाळ-शेंगदाण्यांनी भरून निघतात. अख्खा जवस नीट पचत नाही. म्हणून मी तो मंद भाजून लसूण, तिखट, मीठ घालून कुटते. आणि हो, चमचाभर चटणी रोज स्वतःच्याही ताटात वाढा. ‘सगळ्यांचं झाल्यावर बघू’ म्हणू नका.