सत्तरी ओलांडली, योजना दोन. कार्ड कोणते घ्यावे?

जालना : ७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असले तरी, वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार देणारे आयुष्मान वय वंदना कार्ड २९ ऑक्टोबर २०२४ पासून मिळते. पण ज्यांच्याकडे आधीच दुसरी योजना आहे, त्यांनी काय करावे?

महात्मा फुले योजनेत असाल तर?
निवड करावी लागत नाही. फुले योजना आणि आयुष्मान भारत राज्यात एकत्र राबवल्या जातात. त्यामुळे दोन्हींचे मिळून १० लाख होत नाहीत; संरक्षण वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांचेच. मात्र आयुष्मानच्या पात्र कुटुंबातील सत्तरीपुढच्या आजी-आजोबांना स्वतंत्र ५ लाख मिळतात. त्यात घरातील तरुणांचा वाटा नसतो. मुलाच्या ऑपरेशनवर कुटुंबाची रक्कम संपली, तरी आजीचे उपचार अडत नाहीत.

माजी सैनिक, केंद्रीय निवृत्त?
ईसीएचएस, सीजीएचएस किंवा आयुष्मान सीएपीएफचे लाभार्थी असाल, तर दोन्ही चालत नाहीत. एकच निवडावी लागते. इथेच घाई नडते. वय वंदना कार्डावर भरती होऊन घेतलेले उपचार मिळतात, ओपीडी आणि दरमहाची औषधे मिळत नाहीत. समजा, भोकरदनच्या एखाद्या माजी सैनिकाला मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या कायमच्या सुरू आहेत. त्या ईसीएचएसमधून मिळतात. ‘५ लाख’ ऐकून योजना बदलली, तर हा खर्च खिशावर येईल.

खासगी विमा किंवा ईएसआय?
ते सोडण्याची गरज नाही. सोबत वय वंदना कार्डही काढता येते.

कार्ड कसे काढाल?
आधार कार्ड पुरते. वय आधारवरील जन्मतारखेनुसार धरले जाते. ती चुकीची असेल तर आधी दुरुस्त करून घ्या. ‘आयुष्मान’ अ‍ॅपवर घरच्या घरी नोंदणी होते.

निवडीआधी हे तपासा
• जवळचे कोणते रुग्णालय योजनेत आहे? जालन्यात की थेट छत्रपती संभाजीनगरात?
• तुमचा आजार तिथे योजनेतून केला जातो का?
• दरमहा औषधांचा खर्च किती?
• परराज्यात मुलांकडे राहता का? आयुष्मान कार्ड तिथल्या योजनेतील रुग्णालयांतही चालते.

रुग्णालयात भरती होताना आधी आरोग्यमित्राला भेटा. आयुष्मानसाठी १४५५५, तर फुले योजनेसाठी १५५३८८ हा हेल्पलाइन क्रमांक आहे.